भिमाजीचे नवे हात

भिमाजी रावेतचा, मराठा पलटणीतला शिपाई. काश्मीरच्या लढाईत रस्त्यातला सुरुंग काढताना तो हातातच फुटला आणि त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेले. जीव तेवढा वाचला. तो घरी आला तेव्हा त्याची बायको शालन ऐन विशीत होती. ही आता माहेर धरणार, असं गावानं गृहीत धरलं. ती गेली नाही. तिनं त्याला घास भरवला, आंघोळ घातली, धोतर नेसवलं, बिडी पेटवून ओठांत धरली. अशी वर्षं गेली. नदीवर बायका म्हणत, "शालन म्हंजे भिमाजीचं हात." खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. साऱ्या गावात कुठल्याच नवऱ्याला बायकोवाचून इतकं अडत नव्हतं.

मग एक दिवस सोपानराव आला. पलटणीतलाच जोडीदार. त्याचेही दोन्ही हात गेले होते, पण पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात त्याला लाकडी हात बसवले होते, टोकाला पोलादी आकडे असलेले. आता तो तिथंच बाकीच्या जखमींना शिकवत होता. ओसरीवर बसून त्यानं स्वतःच काडी ओढली, बिडी पेटवली. भिमाजी बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांतली ती हाव शालनला दिसली.

"मी करती की समदं," ती म्हणाली. "लाकडाचं हात कशाला पायजेत?"

"वहिनी, तुमी करता म्हणूनच ह्यो असा बसून ऱ्हायलाय," सोपानराव म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात भिमाजी पुण्याला गेला.

शालन चिंचवडहून गाडीनं त्याला भेटायला गेली. भाकरी आणि भरली वांगी फडक्यात बांधून नेली. वॉर्डात शिरली तर भिमाजी नव्या आकड्यानं भात उचलत होता आणि तो सगळा मांडीवर सांडत होता. समोर सोपानराव. दोघंही पोट धरून हसत होते. घरी तिच्या हातून एक शीत सांडलं तरी या माणसाचं तोंड उतरायचं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी खातो."

खायला त्याला फार वेळ लागला. प्रत्येक घासाला तो सोपानरावाकडं बघे, जमलं का म्हणून. शालनच्या हातातला घास तसाच वाळला. शेवटी तिनंच तो खाल्ला. परतताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. सवत असती तर झिंज्या धरून भांडता आलं असतं. या बिनहाताच्या माणसाशी काय भांडायचं?

भिमाजी घरी आला तो सगळं शिकूनच. सदरा स्वतः घालू लागला. जेवताना ती समोर बसली की म्हणे, "तू जा, तुझं काम कर." तिला काम उरलंच कुठं होतं? आणि तोंडात सदा सोपानराव. सोपान असं म्हणतो, सोपान तसं करतो.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या फाटकावर भिमाजीला पहारेकरी म्हणून लावायचं सोपानरावानं ठरवलं आणि कारखान्यात माणसं नेमणाऱ्या दत्तोबांना त्याचं काम बघायला घरी आणायचं कबूल केलं. त्या दिवशी सकाळी भिमाजी आंघोळीला गेला. खुंटीवर त्याचे हात टांगलेले होते. आकडा घट्ट मिटून धरायला त्यावर जाड रबर असे. शालननं विळा घेतला आणि त्याची धार रबरावरून ओढली. तोडलं नाही, नुसतं टेकवलं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

दत्तोबा आले. भिमाजीनं ऐटीत चहाचा कप उचलला. रबर तटकन तुटलं, आकडा उघडला आणि कढत चहा मांडीवर सांडला. शालन धावली. पदरानं पुसलं, दुसरा कप आणून त्याच्या ओठांशी धरला. भिमाजीनं तोंड उघडलं नाही.

सोपानरावानं खाली पडलेलं रबर आकड्यानं उचललं, निरखलं आणि खिशात टाकलं. "नवं रबर हाय माज्याजवळ," तो दत्तोबांना म्हणाला आणि ते काढून ओसरीवर ठेवलं. "चला, तवर नदी दावतो तुमाला."

ते गेल्यावर भिमाजी म्हणाला, "तूच कापलंस न्हवं?"

"व्हय."

"का?"

"तुमचं समदं तुमीच केल्यावर मी काय करू?" ती म्हणाली. "त्यो आल्यापासनं तुमी माज्याकडं बगतसुदीक न्हाई."

भिमाजीनं ओलं धोतर आकड्यानं मांडीपासून दूर धरलं. भाजलेली मांडी हुळहुळत होती. "तू भरवायचीस तवा मी डोळं मिटून घ्यायचो," तो म्हणाला. "तुज्याकडं बगायची लाज वाटायची. सोपानला बगताना न्हाई वाटत. त्याचंबी माज्यासारकंच."

हे तिला ठाऊक नव्हतं. डोळे मिटायचा तो सुखानं, असं ती इतकी वर्षं समजत होती. तिनं नवं रबर घेतलं आणि दोन्ही हातांनी ताणून आकड्यावर चढवलं. भिमाजीनं आकडा उघडून, मिटून पाहिला आणि दत्तोबांना हाक मारायला बाहेर गेला.

नोकरी लागली. सोपानरावाबद्दलचा शालनचा जळफळाट काही लगेच विझला नाही. तो आला की ती चहात साखर कमीच घाली. पण रिकामे हात घरी बसू देईनात, म्हणून ती मळ्यातली वांगी, मेथी घेऊन चिंचवडच्या बाजारात बसू लागली. तिथं तिच्या ओळखी झाल्या. बोलण्याच्या नादात तिला घरी यायला उशीर होऊ लागला.

"येवढा वेळ कुणाशी बोलत बसलीवतीस?" भिमाजी दारातच विचारी.

"हायेत माजी बी माणसं," ती म्हणे आणि टोपली उतरवून सावकाश पाय धुवायला जाई.