काचेमागचे पाच कागद

मी चौकट आहे, भिंतीवर टांगतात ना, ती. माझ्या आत काय लावलंय ते लोक बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आज थोडं बोलू द्या. पाच वर्षं मी जे पोटात ठेवलं, ते गेल्या आठवड्यात बाहेर आलं.

माझा जन्म तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानातला. त्यानं चार पट्ट्या तिरक्या कापल्या, कोपरे जुळवले आणि दिवसभर दोरीनं आवळून ठेवलं. मला वाटायचं, आपल्यात एखादा देव येईल, रोज कुणीतरी समोर हात जोडेल. आला तो एक शिपाई. "साहेबांना आलेख लावायचाय. साधीच द्या," म्हणाला. त्याला कचेरीत सगळे मामा म्हणतात.

साहेब हेज फंड चालवतात. म्हणजे काय, ते मला बाहेरच्या खोलीत ऐकून ऐकून कळलं. पैसेवाल्यांचा पैसा एकत्र करायचा आणि बाजार चढला तरी कमवायचं, पडला तरी कमवायचं. पडल्यावर कसं कमावतात, ते मला अजून उमगलेलं नाही. विचारणाऱ्या पाहुण्यांनाही उमगत नसावं, पण माना सगळे डोलवायचे.

सुरुवातीला साहेबांनी एकदम पाच लहान फंड काढले होते, प्रत्येकाची रीत वेगळी. पहिल्याचा आलेख माझ्यात लागला. आठ महिने रेघ छान चढली, मग वाकली. साहेब म्हणाले, "मामा, बदला." मामानं दुसऱ्याचा कागद आत घातला, तर तो काचेला धड चिकटेना. मग जुना मागेच राहू दिला. "आधार होईल," स्वतःशीच म्हणाला. पुढे दुसरा वाकला, तिसरा आला. तिसरा असा कोसळला की दोन दिवस साहेबांनी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चौथाही गेला. चारही फंड एकेक करून गुपचूप बंद झाले. पाचवा मात्र चढत राहिला.

मग काय, खोलीत खुर्च्या वाढल्या. येणारा प्रत्येकजण माझ्यासमोर उभा राहून साहेबांच्या यशाचं कारण शोधायचा.

"पोटातलं पाणी हलत नाही या माणसाच्या!"

"अहो, बाजाराचा वास येतो त्याला. उपजतच लागतं ते."

एकदा एका मासिकाची बाई आली. साहेब माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मी पहाटे चारला उठतो. रोज शंभर पानं वाचतो. घाबरत नाही, हाव धरत नाही. बस, एवढंच." बाईनं भराभरा लिहून घेतलं. साहेब खोटं बोलत होते असं मला म्हणवत नाही. भीती वाटली ती वेगळीच. त्यांना ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.

तेव्हापासून माझ्या मनात शंकेनं घर केलं. कुणी नवीन माणूस आला की मी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायची आणि देवाला म्हणायची, याला तरी एक प्रश्न सुचू दे.

गेल्या आठवड्यात ताई आल्या. साहेबांच्या मोठ्या बहीण. तीस वर्षं त्यांचं शिवणाचं दुकान होतं. नजर अधू झाली, यजमान अंथरुणाला खिळले, म्हणून दुकान विकलं. त्या विक्रीच्या सगळ्या पैशांचा चेक त्यांच्या पर्समध्ये होता, भावाच्या फंडात घालायला. उरलेलं आयुष्य त्यावरच काढायचं होतं, दोघांनी.

"आलोच ताई! पाच मिनिटं!" साहेब आतून फोनवरून ओरडले.

"तुझी पाच मिनिटं मला लहानपणापासून ठाऊक आहेत," ताई म्हणाल्या. मामा हसला. चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"मामा, ही तिरकी लागलीय."

त्यांनी मला सरळ करायला हात लावला आणि थबकल्या. बोटं मागच्या बाजूनं फिरली. "अगंबाई, एवढी फुगलीय कशानं?" कपडा हाती आला की आधी उलटा करून शिवण बघायची त्यांची उभ्या जन्माची सवय. मला उतरवून टेबलावर पालथी घातली, पर्समधली छोटी कात्री काढली आणि खिळे वाकवले. मामा "ताई, राहू द्या" म्हणेपर्यंत पाची कागद बाहेर होते.

चष्मा पुसून त्यांनी एकेक वाचला. तेवढ्यात साहेब आले.

"हे काय रे धाकट्या?"

"ते होय? जुनं आहे. टाकायचं राहिलं."

"पण तुझेच ना हे फंड?"

"हो. चालले नाहीत, बंद केले. ताई, आमच्यात सगळेच करतात असं. चाललं तेच दाखवतात."

"आणि तेव्हा तू पहाटे उठत नव्हतास?"

साहेब हसले. मग हसू मावळलं. "उठत होतो."

"शंभर पानं?"

"वाचत होतो गं."

"मग मला एकच सांग. हा पाचवा चालणार हे तू ओळखलं होतंस, की चार गेले आणि हा उरला?"

साहेब खुर्चीत बसले. 

"मला माहीत नाही ताई. खरंच माहीत नाही."

ताईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे बोललास, बरं वाटलं. पण मग हे पैसे नाही रे देता येणार. तुझ्या भाऊजींची औषधं आहेत त्यात."

"मी मागितले नव्हते. तूच गुंतवते म्हणालीस."

"मीच म्हणाले. हा एकच कागद बघून म्हणाले." त्यांनी पर्सची चेन लावली. "पाची लाव भिंतीवर."

"मग कोण येणार इथं?"

"येईल एखादा. तो टिकेल तरी."

ताई गेल्या. मामानं मला भिंतीशी टेकवून ठेवलं, काच भिंतीकडे. आता मी रिकामी आहे आणि मला दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. साहेब सकाळी पाची कागद एकेका टाचणीनं भिंतीवर लावतात. दारावरची घंटा वाजली की चार भराभरा काढतात. रोज हेच. म्हणून सांगते, माझी शंका गेलेली नाही. आणि तुम्हीही ती सोडू नका. कुणी चढती रेघ दाखवली, तर गोड बोलून विचारा, हिची भावंडं कुठे आहेत?

काल मात्र एक निवृत्त जोडपं आलं. घंटा वाजली, टाचण्या निघाल्या. मी मोजत होते. एक, दोन, तीन. चौथी निघाली नाही. विसरले की राहू दिली, देव जाणे.

"हा कोसळलेला आलेख कुणाचा हो?" म्हातारीनं विचारलं.

 मग दोन खुर्च्या ओढल्याचा आवाज आला.

"बसा," साहेब म्हणाले. "माझाच आहे."