शिडामागची सावली

"भूत नको रे बाळाजी, माणूस पायजे मला! कंदिलापासून लांब हो, शिडाजवळ सरक," अनंता ओरडला.

खलाशाचे काम करणारा बाळाजी सरकला तशी कापडावरची राक्षसाएवढी सावली उतरत उतरत माणसाएवढी झाली. नाटकमंडळी चालवणाऱ्या रावजीने कपाळावर हात मारला. "अरे, बुडालेला खलाशी घरी येतोय! लोकांची बोबडी वळाय हवी. हिरवी काच लाव, गडगडाटाला पत्रे बडव!"

"पत्र्याला काय भ्यायचं? उंबऱ्याशी थांबलेल्या माणसाला भिऊ देत की."

श्रीवर्धनच्या होड्या रंगवणारा हा अनंता एकदा हटून बसला की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसे. या नाटकाचे देखावे त्याच्याकडे होते. महाल रंगवलेला भाड्याचा पडदा त्याने परत धाडला आणि जुने शीड टांगले. पुढे दाराची चौकट, मागे एकच कंदील, त्यावर दोरीने सोडायचा पत्र्याचा डबा. डबा खाली आला की अंधार. बास!

त्याचा थोरला भाऊ भागोजी मुंबईहून येताना गलबतासकट बुडाला होता. देह मिळाला नाही. बारा वर्षे सरली, आता गवताचा पुतळा करून अग्नी द्या, असे सांगून भटजी थकले. आई राहीबाई ढिम्म हलेना. "माझा पोरगा गवताचा न्हाय," एवढेच म्हणायची आणि वाट बघायची. त्या वाट बघण्याने म्हातारी आतून पोखरली होती. अनंताला ते बघवत नव्हते, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

भर दुपारी होड्यांच्या खोपीची दारे लावून त्याने अंधार केला आणि आईला हाताला धरून तालमीला आणून बसवले. स्वतः डब्याच्या दोरीशी उभा राहिला.

शिडामागे पाऊल वाजले. सावली चौकटीशी आली, माणसाएवढी, आणि थांबली.

राहीबाई उठली. "भागोजी?"

बाळाजी गांगरला, पण जागचा हलला नाही, शाबास त्याची.

"दमलास व्हय रं? किती उभा ऱ्हाशील?" ती म्हणाली. "तुला आत येता येत न्हाय, कळतंय मला. मीच अडवून धरला तुला." तिने हात वर केला. "जा बाबा आता. जा."

नाटकात इथे दिवा झटकन जायचा होता. अनंताला रडू आवरेना, तरी दोरी त्याने अगदी सावकाश सोडली, आईचे बघून होईपर्यंत.