वहाबची मरळ

खामगावच्या कापूसबाजारात वहाब दलालाची जीभ जशी चालायची तसा त्याचा हात चालला असता, तर त्या इतवारी एवढं काही झालंच नसतं.

रहेमतुल्ला आणि तुळशीराम हे त्याचे शाळेपासूनचे दोस्त, दोघेही कापसातून सरकी काढायच्या जिनात मिस्त्री. जिनाच्या गोऱ्या साहेबासोबत तलावावर जाऊन जाऊन ते निराळीच मासेमारी शिकले होते. गळाला गांडूळ नाही की कणकेची गोळी नाही, पिसं बांधून केलेली खोटी माशी. काठीने दोरी मागे झुलवायची आणि माशी पाण्यावर अशी अलगद टाकायची, की मासा फसलाच पाहिजे. साहेब विलायतेला परतताना काठ्या दोघांना देऊन गेला. "त्यात काय हाय, मनगटाचंच तं काम," असं वहाब चारचौघांत म्हणत राहिला आणि शेवटी मुंबईहून स्वतःची काठी मागवून बसला.

तलावावर पहिल्याच झटक्यात त्याची माशी मागच्या बाभळीत अडकली. ती सोडवली तर पुढच्या वेळी दोरीचा गुंता झाला. मग गळ त्याच्याच सदऱ्यात, खांद्यामागे रुतला. तो तुळशीरामने काढला, हसू दाबत. तिकडे रहेमतुल्ला गुडघाभर पाण्यात उभा राहून एकामागून एक मासे काढत होता, तेही गप्पा मारत.

"हात ढिला सोड, वहाब," तो म्हणाला.

"मले समजते," वहाब म्हणाला.

दुपारी माशी पाण्यातच ठेवून, काठी दगडाला टेकवून तो नमाजाला गेला. परत आला तर काठी वाकलेली.

"पाह्य बे, तुह्या गळाले लागली वाटते," तुळशीराम म्हणाला.

वहाब धावला. ओढता ओढता घामाघूम झाला, पण हातभर लांब मरळ काठावर आणली. त्याचे डोळे भरून आले. ती कशी खेचत होती, आपण कशी ढील दिली, हे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. तेव्हा तुळशीरामला राहवलं नाही. तो पोट धरून हसत खाली बसला.

रहेमतुल्ला त्याच्यावर चिडला. "काऊन हसतं? त्याच्यानं होत नाही, म्हणून तं मी मही मरळ त्याच्या गळाले लावून देल्ली. तेवढाच खुश झाला असता बिचारा."

हसण्याचं वहाबला काही वाटलं नाही. 'बिचारा' हा शब्द मात्र त्याच्या मनात जाऊन बसला. त्याने दोरी गुंडाळली.

गावात शिरल्यावर रहेमतुल्ला त्याच्या दारापर्यंत आला आणि आत ऐकू जाईल असं म्हणाला, "भाबी, आज वहाबनं मरळ धरली. आमच्या दोघाईपेक्षा मोठी."

वहाबच्या बायकोने, सलीमाने, मरळ दोन्ही हातांनी उचलून पाहिली. पोरं बापाला बिलगली. "अब्बा, कशी धरली?"

रहेमतुल्ला उंबऱ्याशी मान खाली घालून उभा होता. वहाबला तिथंच खरं सांगता आलं असतं. पण त्याने सांगितलं, हात ढिला कसा सोडायचा, माशी अलगद कशी टाकायची. रात्री तेच शेजाऱ्याला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाजारात. त्या रात्री सलीमाने मरळीचं रस्सेदार सालन झकास केलं होतं. त्याला दोन घास गेले नाहीत.

पुढच्या इतवारी सकाळी रहेमतुल्लाने दारातून हाक मारली.

"ते घरी नाहीत," सलीमाने सांगितलं.

वहाब आतल्या खाटेवर बसून होता. पावलं दूर जाईपर्यंत तो हलला नाही.