अकोल्याहून परतलेली हुंडी

पार्बताबाईनं हुंडीचा कागद अमरावतीला सूर्यभान शेठच्या गादीवर ठेवला आणि दोन बोटांनी पुढं सरकवला.

"अकोल्याच्या पेढीनं पैसे नाई देले. परत घेऊन जा म्हनाले."

शेठनं कागदाकडे पाहिलंही नाही. फाल्गुनात त्यानं तिवशाला तिच्या अंगणात उभं राहून वर्षाचा सगळा कापूस गाड्यांत भरून घेतला होता. वाटेत रोकड बाळगणं धोक्याचं, असं सांगून त्यानं पैशांऐवजी अकोल्याच्या गोवर्धनदासांच्या पेढीवर ही हुंडी लिहून दिली होती. तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. आता अमेरिकेतली लढाई मिटून तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला निघाल्याची बातमी आली होती आणि अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गासड्यांना कोणी हात लावत नव्हतं.

"भाव पडला, बाई. निम्मे घ्या आणि कागद फाडून टाका."

"कापूस निम्मा नेला व्हता का तुमी?"

शेठ मुनीमाशी बोलू लागला. ती कागद उचलून बाहेर पडली.

वकील गयासुद्दीन यांनी हुंडी उजेडात धरून वाचली.

"व्यापाऱ्यांच्या पंचांकडे जा, खर्च काही नाही. नाहीतर दिवाणी दावा लावा. पण त्याले स्टांप लागते, साक्षीदार लागते, अन् सबर लागते."

"अन् यानं जानून फसवलं असन तर?"

"तर फौजदारीबी होते. पण पेढीवर आपले पैसे नाहीत हे त्याले लिहितानाच ठाऊक होतं, हे शाबीत कोन करनार?"

ती आधी पंचांकडे गेली. त्यांनी शेठच्याच घरचं पान खाल्लं आणि निम्म्यावर मिटवा म्हणाले. त्यातल्या एकानं तर विधवा बाईला एवढे पैसे कशाला लागतात, असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी सराफाकडे पाटल्या मोडून तिनं स्टांपाचे पैसे वकिलांपुढं ठेवले.

दाव्याच्या पहिल्या तारखेला कचेरीत शेठ साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, अकोल्याच्या पेढीवर माझे पैसे होते. गोवर्धनदासांनीच लबाडी केली. मी काय करू?"

साहेबांनी पुढची तारीख दिली. पार्बताबाई तिवशाला परतली.

पुढच्या तारखेला कचेरीच्या दारात अकोल्याहून आलेली बैलांची दमणी उभी होती. स्वतः गोवर्धनदास आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं; शेठनं कचेरीत त्यांना लबाड म्हटल्याचं अकोल्यापर्यंत पोचलं होतं. शेठ त्यांना पाहून भिंतीकडे सरकला.

गोवर्धनदासांनी शपथ घेतली आणि बसल्या आवाजात सांगितलं, "यांचं खातं मी दिवाळीलाच बंद केलं. तसं यांना समक्ष सांगितलं. त्यानंतर यांनी माझ्या पेढीवर हुंडी लिहिली."

साहेबांनी शेठला विचारलं. शेठनं ते कबूल केलं. व्याजासकट सगळी रक्कम देण्याचा हुकूम झाला, आणि फौजदारीच्या भीतीनं शेठनं त्याच संध्याकाळी ती भरली.

कचेरीच्या आवारात वकील गयासुद्दीन हसून म्हणाले, "बाई, गोवर्धनदास शेटजींचे आभार माना. ते आले नसते तर निकाल लवकर लागत नव्हता."

गोवर्धनदास दमणीत बसत होते. पार्बताबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शेटजी, मी हुंडी घेऊन तुमच्या पेढीच्या दारात दिवसभर उन्हात बसली व्हती. खातं दिवाळीतच बंद केलं, हे त्या दिवशी मले काहून नाई सांगितलं? पंचांपुढं नसती का मी बोलली?"

गोवर्धनदासांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी उपरणं सारखं केलं.

"त्या दिवशी माझ्या नावाला बट्टा कुठं लागला होता?"

गाडीवानानं बैल हाकले. वकिलांनी दमणीकडे पाहून हात जोडले. पार्बताबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि दमणी वळणाआड जाईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.