दोन बोटं आत

आमच्या पोर्तालेस वस्तीतला सगळा रस्ता सरकारचा आहे, फक्त एवारिस्तोच्या घरासमोरचे सात मीटर सोडून. तिथे त्याने रंगाच्या दोन बादल्या मांडल्या होत्या. दोन्ही सिमेंटने गच्च भरलेल्या, दोन्हींत झाडूची एकेक दांडी रोवलेली, आणि या दांडीपासून त्या दांडीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. तो गाडी घेऊन यायचा, उतरायचा, दोरी सोडायचा, आपलं लांबलचक धूड ऐसपैस लावायचा आणि दोरी पुन्हा बांधायचा. तीस वर्षं हे चाललं होतं. मेक्सिको शहरात अशा बादल्या गल्लोगल्ली सापडतील, पण बादल्यांचा इतका माज मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी ओब्दुलिया, त्याची शेजारीण. बाळ येशूच्या मूर्तींचे कपडे शिवते. गाडी मला चांगली चालवता येते. पुढे जायचं असेल तर कुठेही जाईन. पण दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मागे घेऊन लावायची म्हटलं की हातपाय गळायचे. ते काम सव्वीस वर्षं माझा नवरा लाउरो करत आला. डिसेंबरात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून मी गाडी कबरस्तानाच्या भिंतीला लावू लागले. तिथे जागा भरपूर, पण घरापासून चार चौक लांब. दर तिसऱ्या दिवशी लाउरोला हाताला धरून फुटक्या फुटपाथवरून तिथवर न्यायचं, मग दवाखान्यात. दोनदा तो ठेचकाळून पडता पडता वाचला.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गल्लीने मिळून गोल पाव कापला. पावात लपवलेली बाहुली एवारिस्तोच्या तुकड्यात निघाली. म्हणजे रिवाजाप्रमाणे दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, त्याने खाऊ घालायचे. तो राग त्याने माझ्यावर काढला.

"शेजारीणबाई, हल्ली गाडी कबरींच्या शेजारी ठेवता म्हणे. बरंय, मेलेली माणसं मागून हॉर्न वाजवत नाहीत."

सगळे हसले. लाउरोही हसला, त्याच्याकडे मी नंतर बघितलं.

"दारात जागा असती तर दारात लावली असती," मी म्हटलं.

"जागा? माझ्या बादल्यांच्या मध्ये एका दमात लावून दाखवा, बादल्या कायमच्या उचलतो. नाही जमलं तर गाडी माझ्या पुतण्याला विकून टाका. त्याचा कधीपासून डोळा आहे तिच्यावर."

"कधी लावायची?"

"दोन फेब्रुवारीला. तामाले खायला सगळी गल्ली असेलच."

"ठरलं," मी म्हणून बसले. गाडी गेली असती तर लाउरोला दवाखान्यात कशातून नेलं असतं?

एवारिस्तो रोज दहाला गाडी घेऊन डॉमिनो खेळायला जायचा आणि दोनला परतायचा. सव्वादहाला मी त्याची दोरी सोडून त्याच्याच बादल्यांमध्ये सराव करायचे. लाउरो फुटपाथवर खुर्ची टाकून, एका डोळ्यावर पट्टी बांधून, उरलेल्या डोळ्याने शिकवायचा.

"पुढच्या बादलीच्या बरोबरीने उभी कर. आता स्टिअरिंग पूर्ण फुटपाथकडे, आणि हळू मागे."

"फिरवलं."

"आता उलटं फिरव. उलटं गं. अगं, बादली."

पहिल्या आठवड्यात मी बादल्यांना एकवीस वेळा धडकले. बादल्यांना ओरखडाही आला नाही. बंपरचं काही सांगत नाही.

"तू बादलीकडे बघतेस, म्हणून बादलीवर जातेस," लाउरो एकदा म्हणाला. "रिकाम्या जागेकडे बघ. जायचंय तिकडे बघायचं." इतक्या वर्षांत नवऱ्याने सांगितलेली ही पहिली कामाची गोष्ट.

दहाव्या दिवशी गाडी बसली. एका दमात, फुटपाथपासून वीतभर अंतरावर. मी तशीच आत बसून थोडी रडले आणि मग पुन्हा दोनदा लावून बघितली. दोन्ही वेळा बसली.

इथे थांबले असते तर मी शहाणी म्हटले गेले असते. पण आम्हा शिवणाऱ्या बायकांची एक खोड आहे. गिऱ्हाईक फार नडलं की त्याचा कपडा आम्ही दोन बोटं आत घेतो. मग ती बाई आरशासमोर श्वास रोखून उभी राहते आणि कपड्याला नाही, स्वतःच्या पोटाला दोष देते. त्या दिवशी दोरी बांधताना मी मागची बादली कलती केली, काठावर फिरवत दोन बोटं पुढे घेतली. पुढची दोन बोटं मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज.

आमच्या लहान गाडीला फरक पडत नव्हता. एवारिस्तोला पडला. आधी त्याला दोन दम लागायला लागले, मग तीन. त्याने स्टिअरिंग मेकॅनिकला दाखवलं, मेकॅनिक म्हणाला ठणठणीत आहे. मग तो उशी घेऊन तिच्यावर बसायला लागला. मी पडद्याआडून बघायचे आणि इतकी हसायचे की हातातल्या झबल्याच्या टाचण्या बोटात घुसायच्या.

तीस जानेवारीला तो आमच्या दारात आला. हॅट हातात होती.

"लाउरो, तुझ्या डोळ्याचा डॉक्टर कोण?"

"का रे?"

"मला अंतर कळेनासं झालंय. डोळे मिटून लावायचो ती जागा, तिथे आता घाम फुटतो. बायकोला बोलू नकोस, ती मुलीला सांगेल आणि मुलगी किल्ली काढून घेईल."

लाउरोने पत्ता लिहून दिला. मला माझीच लाज वाटली, पण तोंड उघडलं असतं तर पैजेचा निकाल तिथेच लागला असता. बादल्यांना मात्र पुन्हा हात लावला नाही.

दोन फेब्रुवारीला फुटपाथवर तामालेंचं पातेलं वाफाळत होतं. एवारिस्तोने आपली गाडी आधीच हलवली होती आणि तो एका कडेला बसला होता. मी पुढच्या बादलीच्या बरोबरीला आले. गल्लीकडे बघितलं नाही, बादल्यांकडे बघितलं नाही. फुटपाथकडे पूर्ण, हळू मागे, उलटं, सरळ. कोणीतरी पातेल्याचं झाकण बडवायला लागलं, तेव्हा कळलं की झालं.

एवारिस्तो उठला आणि दोरी गुंडाळायला लागला. "घ्या," तो म्हणाला. "मला तरी आता कुठे दिसतंय."

ते मला सोसलं नाही. मी खिशातली टेप काढून त्याच्या हातात दिली.

"डोळ्यांना काही झालेलं नाही तुमच्या. जागा मोजा."

त्याने मोजली. सहा मीटर. पुन्हा मोजली. मग मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, दोन बोटांसकट. एवारिस्तोने टेप गुंडाळून मला परत दिली.

"म्हणजे सहा मीटरमध्ये मी ते धूड रोज बसवत होतो."

"तीन दमांत," मी म्हटलं.

"पण बसवत होतो," तो म्हणाला, आणि त्याने अजून एक तामाल घेतला. संध्याकाळी त्याने दोन्ही बादल्या स्वतः अंगणात नेल्या. शब्दाला जागला, हे म्हणायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढताच आमच्या जिंकलेल्या, मोकळ्या जागेत गाद्या विकणाऱ्याचा ट्रक येऊन उभा राहिला. तो दिवसभर हलला नाही.

दोन वाजता मी आणि एवारिस्तो आपापल्या गाड्या घेऊन एकामागोमाग कोपऱ्यावर आलो. रसवाल्याच्या गाड्यापाशी एक फट होती, त्यात मी एका दमात शिरले. पुढे आणखी एक जागा होती. एवारिस्तो तिच्या बरोबरीला थांबला, थोडा मागे आला, थोडा पुढे गेला आणि थांबला. डॉमिनोच्या क्लबला आवार आहे, घरी दोरी होती. तीस वर्षांत त्याने दुसऱ्या कोणाच्या दोन गाड्यांमध्ये गाडी कधी लावलीच नव्हती. मागे हॉर्न वाजायला लागले. त्याने काच खाली केली.

"शेजारीणबाई."

"बोला."

"जरा मागे उभ्या राहता?"

जागा सहा मीटरची होती, माझा अंदाज चुकत नाही. मी पिशवीतलं लाल फडकं काढलं आणि त्याच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले.

"या," म्हटलं. "या, या. गाड्यांकडे नका बघू. जागेकडे बघा."