अर्धा इंच जास्त

बोर्ड भोकात ठेवताच आरपार गेला आणि पलीकडे बिछान्याखालच्या कप्प्यात धप्पकन पडला.

दाजी रिकामे हात हवेत तसेच धरून बसले. कप्प्यात आडवा होऊन तारा पुढे सरकवत असलेल्या मेव्हण्याचा आवाज आतून आला.

"दाजी, बोर्ड भिंतीत बसवायचा होता. माझ्या पोटावर नाही."

"लागलं का?"

"मला की बोर्डाला?"

"बोर्डाला."

मेव्हणा रांगत बाहेर आला. केसांत लाकडाचा भुसा, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात, तान्हं मूल धरावं तसा, बोर्ड. बोर्ड म्हणजे वहीएवढी पेटी. समोर बारा बटणं, आत बारा फ्यूज. बॅटरीतून आलेली वीज इथूनच गाडीभर वाटली जाणार होती: पाण्याच्या पंपाला, पंख्याला, छोट्या फ्रीजला, दिव्यांना. गाडीतलं बाकी सगळं झालेलं होतं. नुसत्या तारा तेवढ्या आठ महिने भिंतीतून टोकं बाहेर काढून ताटकळत होत्या.

गाडी मूळची पाव वाटायची. दाजींनी ती घेतली त्याला आता दोन वर्षं झाली, तरी ऊन चढलं की आतल्या पत्र्यातून ताज्या पावाचा वास सुटायचा आणि गल्लीतली दोन कुत्री दारात येऊन आशेने बसायची. आजही बसली होती. गाडी घ्यायची कल्पना बायकोची. दाजी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवत होते. ते निवृत्त झाले त्या संध्याकाळीच ती म्हणाली, "जगाला खिडकीत बसवून फिरवून आणलंत. आता मला न्या." मग तिने गाडीच्या आतलं घर आखलं. ती शिवणकाम करायची, म्हणून तिला आखणी एकाच तऱ्हेने यायची. खाकी कागद जमिनीवर पसरायचा, प्रत्येक गोष्टीचा खऱ्याखुऱ्या मापाचा तुकडा कापायचा, वर भोक पाडून तो खिळ्याला लटकवायचा. बिछाना, ओटा, कपाट, सगळ्यांचे कागदी तुकडे ब्लाउजच्या पाठी आणि बाह्यांसारखे एका ओळीत लटकायचे. दाजी त्याबरहुकूम फळ्या कापायचे.

बोर्डाचा कागद शेवटचा. त्यावरून फळी कापली जायच्या आधीच ती गेली.

मेव्हण्याने आता तो कागद उचलला आणि पेटीवर ठेवला. चारही बाजूंनी कागद बाहेर आला. मग त्याने कागद उजेडात धरला.

"दाजी, ही आत रेघ आहे ना तुटक तुटक, ती तुम्हाला काय वाटली?"

"नक्षी."

"नक्षी!" मेव्हण्याने हात कपाळाला लावला. "अहो, ती शिलाईची रेघ. बाहेरचा अर्धा इंच शिवणीत आत जातो. ताईने आयुष्यभर कपडे बेतले. तिचा हात अर्धा इंच जास्त सोडल्याशिवाय कागद कापायचाच नाही. तुम्ही तो अर्धा इंच लाकडात कापलात. आता काय, प्लायवूड दुमडून टाके घालू?"

"मग बिछाना कसा बरोबर बसला? ओटा कसा बसला?"

ते विचारता विचारताच दाजी थांबले. प्रत्येक वेळी करवत चालू करण्याआधी ते खालून ओरडायचे, "कापू का गं?" आणि ती शिवणयंत्र थांबवून तोंडात टाचण्या धरलेली तशीच बाहेर यायची, खडूने दुसरी रेघ मारायची, "अर्धा इंच आत," म्हणायची आणि परत जायची. दाजींना वाटायचं, हिला कशातही खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

मेव्हण्याने कागद उलटा केला. मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं: कापण्याआधी मला विचारा. तिच्या दुकानातल्या प्रत्येक कागदावर ते लिहिलेलं असायचं. हाताखालच्या बायका चुकीचं कापायच्या, म्हणून.

"हे वाचलं नव्हतं तुम्ही?"

"सकाळीच वाचलं," दाजी म्हणाले.

सकाळी ते करवत हातात घेऊन त्या कागदासमोर बराच वेळ उभे होते, हे त्यांनी सांगितलं नाही. मेव्हण्याने उगाचच टॉर्च दोनदा लावून बंद केला.

पेटीच्या तोंडाला जेमतेम कड होती. ती कड फळीवर टेकली तरच पेटी भिंतीत अडकणार. आता टेकायला फळीच उरली नव्हती. दाजींनी भोकाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

"म्हणजे मोठा बोर्ड आणावा लागणार," ते म्हणाले. "मोठा इथे मिळत नाही. मागवावा लागेल. एक आठवडा तर कुठे गेला नाही. दहा दिवसच धर."

मेव्हणा त्यांच्याकडे पाहत राहिला.

"ताई गेल्यापासून तुम्हाला एवढं खूश मी आज पहिल्यांदा बघतोय."

"मी कुठे खूश आहे? माझं केवढं नुकसान झालंय."

लेक दोन दिवसांच्या अंतरावर दुसऱ्या गावात होती. आई गेल्यावर ती म्हणाली होती, बाबा, गाडी घेऊन इकडे या, थोडे दिवस राहा. दाजी म्हणाले होते, बोर्ड बसला की निघतोच. त्यानंतर बायकोने ठरवलेल्या मापाचा बोर्ड मिळेना. मिळाला तो पसंत पडेना. पसंत पडला तर मेव्हण्याला सुट्टी नव्हती. आणि त्याला सुट्टी मिळाली की नेमकी दाजींची पाठ धरायची. दर रविवारी लेक फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "बाबा, बोर्ड बसला का?" ते ऐकून ऐकून तिच्या अडीच वर्षांच्या मुलीला वाटू लागलं होतं, की बोर्ड हे आजोबांचं नाव आहे.

शेवटी मेव्हणाच आज न सांगता उगवला होता, हत्यारांची पेटी घेऊन. तो इस्पितळात इलेक्ट्रिशियन होता. अठ्ठावीस वर्षांत ऑपरेशन चालू असताना एकदाही दिवा जाऊ दिला नाही, हे तो दिवसातून एकदा तरी कोणाला तरी सांगायचा. कुत्र्यांनाही आज सांगून झालं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आज रविवार होता. दाजींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून ओट्यावर टेकवला, कारण हाताला भुसा होता.

"बोर्ड आजोबा!" नात ओरडली.

"बोल गं राणी."

"बोर्ड आजोबा, तुम्ही बसलात?"

मेव्हणा तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघू लागला. मग लेक आली.

"मामा आलाय ना आज? मग? झालं?"

"भोक मोठं पडलं गं," दाजी म्हणाले. आवाजात शक्य तेवढं दुःख आणलं. "आता नवा मागवायचा. दहा एक दिवस..."

पलीकडे भांड्याचा आवाज आला, नात कशासाठी तरी हट्ट करत होती.

"बाबा," लेक म्हणाली. ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. "तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. मी रागावणार नाही. फक्त बोर्डाचं सांगत जाऊ नका. आई असती तर तिने तुम्हाला असं करू दिलं असतं का?"

फोन बंद झाला. दाजींनी तो उचलून पाहिला, जसं काही आत काही उरलं असेल.

मेव्हण्याने तोवर जमिनीवरचे स्क्रू गोळा करायला घेतले होते. तो स्क्रूंशीच बोलल्यासारखं म्हणाला, "इंचभर रुंदीच्या चार पट्ट्या मिळाल्या असत्या, तर भोकाला चौकट करता आली असती. अर्धा इंच फळीवर, अर्धा इंच आत. कड आरामात टेकली असती. अर्ध्या तासाचं काम."

"पट्ट्या कुठे आहेत?"

"नाहीत ना. म्हणून तर म्हणतोय, असत्या तर."

असं म्हणताना त्याची नजर वर गेली आणि लगेच खाली आली. बिछान्यावर, खिडकीच्या वर, दोन हुकांवर तिची लाकडी मोजपट्टी लटकत होती. छत्तीस इंच लांब, इंचभर रुंद, हात लागून लागून काठ गुळगुळीत झालेली. प्रवासात पडदे नीट करायला लागेल म्हणून तिनेच ती तिथे लावली होती.

"नाही," दाजी म्हणाले.

"मी काही बोललोच नाही."

"तू बघितलंस."

"बघायचंही नाही का मी?"

दाजी बिछान्याच्या कडेवर बसून राहिले. दारातल्या कुत्र्याने जांभई दिली. थोड्या वेळाने ते उठले, मोजपट्टी हुकांवरून काढली आणि तिच्यावर भोकाची मापं घेऊ लागले. वरची अकरा, खालची अकरा, बाजूच्या सहा सहा. पेन्सिलीने रेघा मारल्या. चौतीस इंच. दोनदा बेरीज केली, तरी चौतीसच आले.

त्यांनी करवत उचलली, पट्टीवर ठेवली, आणि परत खाली ठेवली.

"कापू का?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? पट्टी तुमची, करवत तुमची."

"कोणाला तरी विचारायला हवं. तिथे लिहिलंय."

मेव्हण्याने खाकी कागदाकडे पाहिलं. तो तिचा धाकटा भाऊ. त्याच्या शाळेचे गणवेश तिने शिवले होते, सगळे वाढत्या अंगाचे, सगळे ढगळ. तो पुढे आला, डोळा बारीक करून चारही रेघा तपासल्या, एक रेघ केसभर सरकवली.

"आता कापा," तो म्हणाला. "पण रेघेवरच. आत नाही, बाहेर नाही."

दाजींनी कापलं. चार तुकडे पडले, आणि दोन इंचांचा एक तुकडा उरला. तो मेव्हण्याने कचऱ्यात टाकतोय असं दाखवून आपल्या हत्यारांच्या पेटीत, टेपच्या गुंडाळीखाली ठेवला. आपण पाहिलं नाही असं दाजींनी दाखवलं.

चौकट बसली. बोर्डाभोवती एकापासून चौतीसपर्यंत आकडे फिरत होते. खालचे उलटे आले होते.

"हे उलटं दिसतंय," दाजी म्हणाले.

"वीज वाचत नाही, दाजी."

मग मेव्हण्याने तारा जोडायला घेतल्या. प्रत्येक तार घट्ट करून झाली की ती दोनदा ओढून बघायची, असा त्याचा नेम. प्रत्येक वेळी तो "जाते का बघू" असं तारेला विचारायचा. दाजी बटणांशेजारच्या पाटीवर नावं लिहीत बसले. पंप. पंखा. फ्रीज. ओट्यावरचा दिवा. सातव्या बटणापाशी त्यांनी "माझा दिवा" लिहिलं. आठव्यापाशी पेन थांबलं. मेव्हणा हातात तार धरून वाट बघत राहिला. तारेची टोकं तो नको इतकी साफ करत होता.

"तिचा दिवा," दाजींनी लिहिलं.

बॅटरी जोडली. मेव्हणा एकेक बटण दाबू लागला. पंप घुरघुरला. पंखा फिरला आणि त्याने आठ महिन्यांची धूळ दोघांच्या डोक्यावर टाकली. फ्रीजने उसासा टाकला. सातवं बटण दाबताच बिछान्याच्या उजव्या अंगाचा दिवा लख्ख लागला.

आठवा लागला नाही.

"असं होणारच नाही," मेव्हणा म्हणाला. अठ्ठावीस वर्षं पणाला लागली होती. त्याने फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. तार ओढली, पक्की होती. मीटर लावलं, वीज दिव्यापर्यंत येत होती. तो बिछान्यावर गुडघे टेकून चढला, दिव्याला नाक लावलं, आणि दाजींकडे वळला.

"काय झालं?"

"बंद आहे."

"ते मलाही दिसतंय."

"तसं नाही. दिव्याचं स्वतःचं बटण आहे ना, खाली, छोटं. ते बंद आहे."

दोघांनाही तो दिवस आठवला. दिवे नुकतेच बसवले होते. मेव्हण्याने तारांची टोकं थेट बॅटरीला धरली होती आणि दोघं नवरा-बायको आपापल्या बाजूला आडवे होऊन दिवा लागतो का बघत होते. लागला होता. मग चहा झाला म्हणून सगळे उतरले. दाजी आपला दिवा तसाच ठेवून उतरले होते. आयुष्यभर ते ज्या खोलीतून बाहेर पडले, त्या खोलीचा दिवा मागून कोणी तरी बंद करतच आलं होतं. तिने आपला बंद केला होता. बॅटरीची तार काढली की दिवे तसेही जाणार होते, तरीही.

मेव्हण्याने बोट पुढे केलं, मग मागे घेतलं.

"तुम्ही दाबा."

दाजी बिछान्यावर चढले. बटण अगदी बारीक होतं, त्यांच्या जाड बोटाला दोनदा सापडलं नाही. तिसऱ्यांदा टक् झालं. उशीच्या जागी पिवळा गोल पडला. दोघं त्याकडे बघत बसले. फ्रीज घुरघुरत होता.

"अठ्ठावीस वर्षं," मेव्हणा म्हणाला. "एकदाही नाही." आणि हात धुवायला खाली उतरला.

दाजींनी फोन लावला.

"बसला," ते म्हणाले.

"काय?" लेकीने विचारलं.

"बोर्ड. उद्या सकाळी निघतो. परवा संध्याकाळपर्यंत पोचेन. तिला सांग, आजोबा बसले."

लेक काय म्हणाली ते त्यांना नीट ऐकू आलं नाही, कारण पलीकडे नात मध्येच ओरडली. त्यांनी फोन खिशात घातला आणि गाडीतून उतरले. कुत्र्यांना ओलांडून चार पावलं गेले, थांबले, आणि परत फिरून गाडीत चढले.

अंगणातल्या नळावर हाताला साबण लावत असलेल्या मेव्हण्याला गाडीच्या खिडकीतला उजेड एकदा निम्मा झालेला दिसला, आणि मग पूर्ण गेलेला.

"दाजी!" तो तिथूनच ओरडला. "फ्यूज गेला का?"

"नाही," आतून आवाज आला. "मी बंद केले."

"कोणी?"

"मी."

मेव्हणा साबणाचे हात तसेच धरून गाडीकडे बघत राहिला. नळ वाहत होता. दाजी दारात आले, पायरीवर उभे राहिले, आणि त्यांनी पाहिलं.

"आणि तो नळ बंद कर आधी," ते म्हणाले.