कुरोड्यांची परात

या मित्रांनो, या, अगदी जवळ येऊन बसा. कीर्तनाला माणसं पुढं सरकून बसतात ना, तसे बसा. मी मोठ्यानं बोलत नाही आणि मोठ्यानं बोलावं अशी ही गोष्टही नाही.

मी एक जुनी तबकडी आहे. पूर्वी टीव्हीसाठी छपरावर असायची ती. अंगानं पत्र्याची, बैलगाडीच्या चाकाएवढी. राळेगावात नागोराव नावाच्या भल्या माणसाचा केबलचा धंदा होता. त्यांनी मला आपल्या घराच्या धाब्यावर, आभाळाकडं तोंड करून उभं केलं. सकाळ झाली की नागोराव आधी कीर्तन लावत. मृदंगावर थाप पडे आणि गल्लीतल्या घराघरांत विठ्ठलाचं नाव ऐकू जाई. ते नाव आधी माझ्या अंगावर उतरतं, या विचारानं मी सुखावून जात असे.

पुढं घरोघरी लहान तबकड्या आल्या. धंदा बसला. काही वर्षांनी नागोरावही देवाघरी गेले. माझी वायर कुणीतरी काढून नेली आणि मी धाब्यावर उताणी पडून राहिले.

मला टाकून दिलं नाही ते एकट्या पंचफुलाबाईंनी. नागोरावांच्या पत्नी त्या. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, वर धोतराचं पान अंथरलं आणि माझ्यात कुरोड्या, म्हणजे कुरडया, वाळत घातल्या. मला त्या ‘परात’ म्हणत. एकदा एक वानर कुरोड्यांवर ताव मारत बसलं होतं. बाईंनी खालून असं काही लाटणं भिरकावलं की वानर पळालं आणि पोचा मला पडला. त्यांचा आवाज तर तीन घरं पलीकडं जाई. जणू शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा कीर्तनकारच!

मग मुलगा अतुल यवतमाळला नोकरीला लागला. आईला घेऊन गेला आणि मला भंगारात दिलं. तिथून मला उचललं अय्यूबभाई मिस्त्रींनी. यवतमाळजवळ मुलांसाठी विज्ञान केंद्र उभं राहत होतं. हात लावू नका, अशी पाटी तिथं कुठंच नाही. अय्यूबभाईंनी मला अंगणात उभं केलं आणि समोर लोखंडी कडं जोडलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, माझ्यासारखीच दुसरी तबकडी आहे. तिच्या कड्याशी कुणी कुजबुजलं, तर ते माझ्या कड्याशी कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येतं. इकडचं तिकडंही जातं. मुलं खिदळतात, एकमेकांना चिडवतात. मला वाटे, आपलं म्हातारपण गोड झालं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब आलं. मागून आवाज आला आणि माझा पत्रा शहारला.

“अवं माय! हे तं माही परात हाय!”

पंचफुलाबाई! सोबत अतुल, सून रुपाली आणि नात सुरभी. बाईंनी धावत येऊन माझ्या पोच्यावरून हात फिरवला. “पाय वं सुरभी, वान्नेर कुरोड्या खाऊन राह्यलतं, तं म्या लाटणं हाणलं. थे गेलं पळून, अन् परातीचं झालं असं!”

लोक वळून पाहू लागले. त्यांत अतुलच्या कचेरीतले साहेब होते, सहकुटुंब. साहेबांच्या पत्नीनं हसू लपवायला तोंडावर पदर धरला. अतुलचे कान लाल झाले. रुपालीला घेऊन तो पलीकडं लिंबाखाली गेला.

“आजी, तू इथं कान लाव,” सुरभी म्हणाली. “मी तिकडून बोलतो.” आणि ती पळाली.

बाईंनी कान लावला. सुरभी अजून वाटेतच होती. लिंबाखालच्या तबकडीच्या कड्याला टेकून अतुल रुपालीला म्हणत होता, “साहेबांसमोर लाज गेली. पुढच्या वेळी आईला घरीच ठेवू.”

“हळू बोला,” रुपाली म्हणाली. “आईच आहेत त्या.”

मित्रांनो, हळू बोललेलंच तर मी पोहोचवते. ते शब्द मला अडवता आले असते तर! ज्या अंगावर देवाचं नाव झेललं, त्यावरून मी ते वाहून आणलं आणि त्याच माउलीच्या कानात घातलं.

सुरभी तिकडून ओरडली, “आजी, काय आयकू आलं?”

“काही नाही वं माय. वारा होता.”

सुरभीनं मग बापाला ओढून कड्याशी उभं केलं. “बाबा, कान लावा नं, मजा येते.”

इकडं पंचफुलाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं, परात फक्त बाहेरचं आत आणते. टीव्हीतल्या माणसाला आपलं बोलणं कधी ऐकू गेलं होतं? शंकराच्या देवळात नंदीच्या कानात इच्छा सांगतात, तसा त्यांनी तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि कड्याशी आल्या.

“आपली जुनी वळख हाय म्हणून सांगतो,” त्या पुटपुटल्या. “देवाले सांग. माह्या अतुलले माह्यापायी मान खाली घालू देऊ नोको. मले कमी बोलाची बुद्धी दे.”

पलीकडं अतुल कड्याला धरून उभाच राहिला. मग तो अंगण ओलांडून आला. चालताना मान खालीच होती.

साहेब अजून तिथंच होते. अतुल म्हणाला, “साहेब, ही माही आई. या परातीत आमच्या घरच्या कुरोड्या वाळत. आई, थे वान्नेराची गोष्ट सांग नं यायले.”

बाईंनी सांगितली. पण इतकी हळू, की साहेबांच्या पत्नीला वाकून ऐकावी लागली. लाटण्याशी आल्यावरही आवाज चढला नाही.

“आई, मोठ्यानं सांग नं,” अतुल म्हणाला.

“इतकं आयकू येते नं बाप्पा,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरला.

ते गेले. पोच्यावरचा त्यांचा हात मला अजून जाणवतो. आई, मोठ्यानं बोल, म्हणून अतुल रोज विनवत असेल. देवानं बाईंची प्रार्थना ऐकू नये, एवढंच मी मागते.

तुमच्याही घरी कुणी मोठ्यानं, गावाकडचं बोलत असेल. चार माणसांत त्यांना गप्प करावंसं वाटेल. तेव्हा, मित्रांनो, माझ्या पंचफुलाबाईंची आठवण ठेवा.